पाळकबाईंची रजा

मला काय म्हणायचं, हा कल्याण पूर्वेतल्या आमच्या चर्चच्या मंडळीपुढचा पहिला प्रश्न होता. पाळकीणबाई म्हणावं, तर आमच्यात पाळकीण म्हणजे पाळकाची बायको. पाळक म्हणावं, तर समोर साडी नेसलेली बाई. काही जण मॅडम म्हणायचे, पोरं पास्टर आंटी म्हणायची, आणि एक आजोबा तर मला सरळ "अहो रेव्हरंडसाहेब" अशी हाक मारायचे आणि मग स्वतःच गोंधळून डोक्यावरची टोपी सारखी करायचे. शेवटी कुणीतरी 'पाळकबाई' असा शब्द काढला आणि तो टिकला. माझ्या नवऱ्यासाठी मात्र कुणाला शब्द सापडला नाही. तो 'पाळकबाईंचे मिस्टर'च राहिला.

आमची मंडळी म्हणजे शंभर-सव्वाशे घरं. नगर, जालना, सोलापूरकडून रेल्वेत, इस्पितळात, महापालिकेत नोकरीला आलेल्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची. त्यातली निम्मी आता डोंबिवली-बदलापूरला फ्लॅट घेऊन गेलीत, पण रविवारी उपासनेला येतात इथेच. मंडळी स्वतंत्र आहे, वर कुठली मोठी कचेरी नाही. पाळक नेमायचा मंडळीनं, पगार ठरवायचा मंडळीनं, आणि नको झाला तर नारळही मंडळीनंच द्यायचा. हा कारभार सात पंच बघायचे. त्यांचे अध्यक्ष एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. खजिनदार बँकेत नोकरीला होते. दोघंही सज्जन, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते माझ्या विरोधात उभे राहिलेले दिसतील.

माझ्या मुलाखतीत सरांनी शिक्षण विचारलं, उपदेशाचा अनुभव विचारला, आणि शेवटी म्हणाले, "मिस्टर कुठे असतात?"

"डोंबिवलीला एका कंपनीत केमिस्ट आहेत."

सरांनी खजिनदारांकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मग तसा प्रश्न नाही," सर म्हणाले.

तसा प्रश्न नाही म्हणजे काय, ते मला पहिला पगार हातात आल्यावर कळलं. माझ्या आधीचे पाळकसाहेब निवृत्त होताना त्यांना जे मिळत होतं, त्यापेक्षा माझा पगार कमी ठरला होता. त्यांना त्या पगारात घर चालवायचं होतं, माझं घर माझा नवरा चालवतो, असा हिशोब. चर्चच्या मागे पाळकांसाठी दोन खोल्या होत्या, त्या राहायला मिळाल्या. फंड नव्हता, रजा नव्हती, आठवड्याची सुट्टीही नव्हती. यात काही विचारायचं असतं, हेच तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बाई म्हणून स्वतंत्र मंडळी मिळाली, एवढ्यातच मी तरंगत होते.

माझे वडील ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. आयुष्यभर युनियनमध्ये. मी बातमी सांगायला गेले, तर त्यांनी पेढा खाल्ला, हात पुसला आणि विचारलं, "रजा किती?"

"बाबा, ही नोकरी नाही. सेवा आहे."

"आमच्या बसवरसुद्धा सेवा असंच लिहिलेलं असायचं," ते म्हणाले. "तरी मला दरवर्षी ठरलेली रजा होती, आणि तुझ्या जन्माच्या वेळी मी ती घेतलेली."

मी हसून विषय बदलला.

कामाला मात्र मी लागले ती लागलेच. रविवारची उपासना आणि उपदेश लोकांना दिसतो. बाकीचा आठवडा कुणाला दिसत नाही. सकाळी इस्पितळात कुणाच्या उशाशी प्रार्थना, दुपारी शाळेत दाखल्यासाठी लागणारं बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र, संध्याकाळी अंबरनाथला एखाद्या घरी सासूसुनेचा तंटा. मयत झालं की सगळं बाजूला ठेवून दफनभूमी. नाताळात तर नवरा मला म्हणायचा, "माझी बायको कुठे दिसली तर सांग हां, मी ओळखतो तिला." पण मला ते काम आवडायचं. अजूनही आवडतं. पहिल्या वर्षी जी माणसं माझ्याकडून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे येत नव्हती, ती दुसऱ्या वर्षी यायला लागली. टोपीवाल्या आजोबांनी तर आपल्या बायकोच्या अंत्यविधीला बाहेरून पाळक बोलवायला नकार दिला. "आमच्या बाई आहेत की," ते म्हणाले. त्या दिवशी मला वाटलं, आता मी इथली झाले.

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झालेली, आम्ही दोघांनीही आशा सोडून दिलेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा नवरा बाहेर येऊन नुसताच जिन्यावर बसून राहिला. मी त्याच्या शेजारी बसले. खाली रिक्षावाले भांडत होते आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

पोट दिसायला लागायच्या आत पंचांना सांगावं, म्हणून मी एका रविवारी उपासनेनंतर त्यांना मागच्या खोलीत थांबवलं. सांगितल्यावर सगळ्यांनी तोंडभरून अभिनंदन केलं. सरांनी तिथल्या तिथे उभं राहून आभाराची प्रार्थनासुद्धा केली. मग सगळे बसले आणि मी म्हणाले, "मला सहा महिन्यांची रजा लागेल. पगारी."

खजिनदारांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"बाई, तुम्ही घरी असताना उपासना कोण घेणार?" ते म्हणाले. "बदली पाळक आणला तर त्याला द्यावं लागेल. तुम्हालाही द्यायचं आणि त्यालाही द्यायचं? मंडळीचा गल्ला तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आणि मिस्टरांचा पगार आहेच," दुसरे एक पंच म्हणाले.

"तो त्यांच्या कामाचा आहे," मी म्हणाले.

सरांनी घसा खाकरला. त्यांचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा संथ असायचा. "हे बघा पाळकबाई, गैरसमज नको. आपले आधीचे पाळकसाहेब तीसेक वर्षं इथे होते. त्या माणसानं एक दिवस रजा मागितली नाही. कधी पगारवाढीचा शब्द काढला नाही. सेवा म्हणजे काय, ते आम्ही त्यांच्याकडे बघून शिकलो. आम्ही तुम्हाला दीड महिना देऊ. बिनपगारी. त्याच्यावर लागला, तर मग तुम्हीच विचार करा. बाळ मोठं झालं की परत कधीतरी बघता येईल."

परत कधीतरी बघता येईल, याचा अर्थ कुणीच फोड करून सांगितला नाही. गरजही नव्हती.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता. चिरता चिरता म्हणाला, "सोड ना मग. भागेल आपलं माझ्या पगारात."

पंचांच्या बोलण्यानं मला जितका राग आला नव्हता, तितका त्या वाक्यानं आला. "भागण्याचा प्रश्नच नाहीये," मी म्हणाले.

त्यानं सुरी खाली ठेवली. "मग कसला आहे, सांग. मी खरंच विचारतोय."

मी जरा वेळ विचार केला, कारण मलाही ते नीट माहीत नव्हतं. "मी सोडून गेले, तर पुढच्या वेळी एखादी मुलगी मुलाखतीला येईल. तिला हे सांगतील, आधी एक बाई ठेवलेल्या, त्या बाळंतपणाला गेल्या त्या गेल्याच. तिला घेणारच नाहीत. आणि घेतलंच, तर तिलाही विचारतील, मिस्टर कुठे असतात."

"बरं," तो म्हणाला आणि परत कांदा चिरायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "मग नको सोडूस."

आधीचे पाळकसाहेब आणि त्यांच्या पाळकीणबाई निवृत्तीनंतर टिटवाळ्याला राहायला गेले होते. मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचे. त्यांना मी काका-मावशी म्हणायचे. निवृत्त झाले त्या दिवशी मंडळीनं त्यांचा मोठा सत्कार केलेला, शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, आणि नंतर महिन्याच्या आत चर्चमागच्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आयुष्यभर मंडळीच्या घरात राहिल्यामुळे स्वतःचं घर नव्हतं. मग मिळेल तिथे, म्हणजे टिटवाळ्याला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका इमारतीत, वन रूम किचन भाड्यानं घेतलं. भाड्याला मुलीकडून पैसे यायचे, आणि मावशी साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. शेजारपाजारच्या बायका साड्या आणून टाकायच्या. डोळ्यांना त्रास व्हायचा, पण त्या म्हणायच्या, "बसून काय करू?"

मी गेले तेव्हा त्यांच्या मांडीवर कुणाची तरी मोरपंखी साडी होती. मी बातमी सांगितली. मावशींनी सुई साडीत टोचून ठेवली, उठल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. काका खुर्चीतून म्हणाले, "प्रभूनं ऐकलं."

मग मी रजेचं सांगितलं. सर काय म्हणाले, खजिनदार काय म्हणाले, सगळं. सरांनी काकांचा दाखला दिला, तेही सांगितलं. मला वाटलं, काका सुखावतील. ते खाली बघत राहिले.

"एकही रजा मागितली नाही, हे खरं आहे," ते म्हणाले. "मागायचं सुचलंच नाही."

"मला सुचलेलं," मावशी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"धाकटीच्या वेळी," त्या माझ्याकडे बघून सांगायला लागल्या, पण सांगत होत्या त्या काकांना. "मी इस्पितळात. हे सकाळी येऊन गेले आणि बारा वाजता यांना बोलावणं आलं, उल्हासनगरला कोणी वारलं म्हणून. हे गेले. पोर झाली तेव्हा माझ्याजवळ आया होती फक्त. चार दिवसांनी घरी आले, तर चर्चमधला हंगामाचा सण तोंडावर. बाहेरगावचे पाहुणे पंचांच्या घरी नाही उतरले, पाळकाच्याच घरी उतरले. पोरीला पाटावर निजवून मी त्यांच्या भाकऱ्या थापल्या. तेव्हा मला सुचलेलं, की यांना कोणी चार दिवस सुट्टी दिली असती तर बरं झालं असतं."

काका खुर्चीतून पुढे सरकले. मग म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही घरी कधी होतात?" मावशी म्हणाल्या. रागानं नाही. साडीची किनार सारखी करत, अगदी सहज. पण काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं.

त्या उठून चहा ठेवायला गेल्या. आतूनच म्हणाल्या, "पोरी, आम्ही काही मागितलं नाही म्हणून आम्ही मोठे झालो, असं त्यांना वाटतं. आम्ही मोठे नाही झालो गं. आम्ही फक्त दमलो. तू माग."

"मागितलं की. नाही म्हणाले."

"सात जण नाही म्हणाले. मंडळी कुठे नाही म्हणालीय?"

वर्षाची सर्वसाधारण सभा जवळ आली होती. आमच्या मंडळीत कुठल्याही सभासदाला सभेपुढे विषय ठेवता येतो, आणि पाळकही सभासदच असतो. हे मला ठाऊक होतं, पण ते वापरायचं असतं, हे मावशींच्या स्वयंपाकघरात कळलं. राहिला प्रश्न बदली पाळकाचा. तो काकांनीच सोडवला. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "मी येतो की सहा महिने. टिटवाळा काय लांब आहे? अजून आवाज आहे माझा."

"फुकट नाही," आतून मावशींचा आवाज आला.

काका हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. "फुकट नाही," त्यांनी कबूल केलं.

परत येताना मी विषय मनात जुळवत आले. कल्याणला उतरेपर्यंत माझ्या एका रजेचे चार विषय झाले होते. पाळकाला बाळंतपणाची पगारी रजा, आणि पाळक पुरुष असेल तर त्यालाही बायकोच्या बाळंतपणाला काही दिवस. बदली पाळकाला मानधन. पगार कामाचा, नवरा किंवा बायको काय कमावते ते बघायचं नाही. आणि चौथा, निवृत्त पाळकाला दर महिन्याला काहीतरी ठरलेलं. मी ते एका कागदावर लिहून सरांकडे दिलं. सरांनी चष्मा लावून वाचलं. "तुमचा हक्क आहे," ते म्हणाले. "पण मी विरोध करणार." मी म्हणाले, "तोही तुमचा हक्क आहे, सर." त्यांनी मान डोलावली. त्यांची ही गोष्ट मला आवडायची.

सभेच्या रविवारी चर्च भरलेलं होतं. बाहेर चपलांचा ढीग दारापर्यंत आलेला. बदलापूरचे, दिवा स्टेशनकडचे, सगळे आलेले. एरवी सभेला अर्धी माणसं पळून जायची. शेवटच्या बाकावर काका आणि मावशी बसलेले. मावशींनी पांढरी, बारीक काठाची साडी नेसलेली.

एरवी सभेचं काम पाळक चालवतो. माझाच विषय असल्यामुळे मी ती खुर्ची सरांना दिली आणि खाली बायकांच्या बाजूला जाऊन बसले. माझं पोट तोवर सगळ्यांना दिसत होतं. सरांनी माझे चारही विषय स्वच्छ, एकही शब्द न गाळता वाचून दाखवले. मग स्वतःचा विरोध सांगितला. सेवेचा आदर्श, गल्ला, आधीचे पाळकसाहेब. खजिनदारांनी जमाखर्च सांगितला.

मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "बाईला पाळक केलं, तेव्हाच हे सगळं ध्यानात घ्यायला पाहिजे होतं."

माझ्यापुढच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई, महापालिकेतून निवृत्त झालेल्या, मागे वळून म्हणाल्या, "तेव्हा नाही ना घेतलं? मग आता घ्या."

सगळे हसले. ते गृहस्थही हसले आणि खाली बसले. पण हसण्यानं विषय सुटत नाही. दोन-तीन जण माझ्या बाजूनं बोलले, चार जण विरोधात. शास्त्रातली वचनं दोन्ही बाजूंनी निघाली, ती तशी नेहमीच निघतात. मला दिसत होतं की माणसं माझ्यावर नाराज नाहीत, फक्त घाबरलेली आहेत. आजवर कधी दिलं नाही, ते द्यायचं म्हणजे आणखी काय काय द्यावं लागेल, याची ती भीती होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मला बोलायचंय."

मावशी उभ्या राहिल्या होत्या. तीस वर्षांत त्या या चर्चमध्ये गाण्याशिवाय कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

पंचांपैकी एक जण हळूच सरांना म्हणाले, "त्या आता टिटवाळ्याला असतात. सभासद नाहीत आपल्या."

सरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "माझी तिन्ही मुलं त्यांच्या संडे स्कूलमध्ये शिकली," ते म्हणाले. "त्यांना गप्प बसवायची माझी हिंमत नाही. बोला, पाळकीणबाई."

मावशींनी समोरच्या बाकाची पाठ धरली. "पाळकसाहेबांनी कधी काही मागितलं नाही, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे. पण त्यांनी मागितलं नाही, म्हणून लागलं नाही, असं नाही." त्या थांबल्या. "संडे स्कूल मी घेतलं. बाजाची पेटी मी वाजवली. पाहुण्यांचा स्वयंपाक मी केला. महिला मंडळ मी चालवलं. तुम्ही पगार एका माणसाला दिला आणि माणसं दोन ठेवलीत. मला त्याचं वाईट वाटत नाही, मी आनंदानं केलं. पण आता माझं नाव घेऊन, यांचं नाव घेऊन, या पोरीला नाही म्हणू नका. आमच्या नावावर ते नको."



"आणि एक," त्या म्हणाल्या. "चौथ्या विषयात निवृत्त पाळकाला महिन्याला काही द्यायचं लिहिलंय. ते बरं आहे. पण हे गेले तर मागे मी राहणार. तेव्हा मला?"

माझ्या कागदावर ते नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सरांनी माझा कागद पुढे ओढला, खिशातलं पेन काढलं आणि चौथ्या विषयाच्या खाली स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं. मग वाचून दाखवलं, "आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीला किंवा पतीला." विरोध करणाऱ्या माणसानं माझ्या कागदात भर घातली, तेव्हाच मला वाटायला लागलं की आता हे होणार.

टोपीवाले आजोबा उठले. "खजिनदार," ते म्हणाले, "घरटी वर्गणी थोडी थोडी वाढवली तर जमतं का, नाही, एवढंच सांगा."

खजिनदार म्हणाले, "जमेल, पण किती जण देणार?"

"हात वर करायला सांगा."

सरांनी सांगितलं. आधी आजोबांचा हात वर गेला. मग त्या महापालिकेतल्या बाईंचा. मग बायकांच्या बाजूला एकदम, गाण्याला उठावं तसे. पुरुषांच्या बाजूला जरा वेळ लागला. बदलापूरच्या तरुण जोडप्यांनी हात वर केले, ज्यांचे घराचे हप्ते चालू होते त्यांनीही. मघाचे विरोध करणारे गृहस्थ बायकोकडे बघत होते. तिनं त्यांच्याकडे न बघता आपला हात वर केलेला होता. थोड्या वेळानं त्यांचाही गेला. खजिनदार मोजत होते आणि अर्ध्यातच त्यांनी मोजायचं सोडून दिलं. "पुरे," ते म्हणाले. "लागतंय त्यापेक्षा जास्त आहे."

मग सरांनी एकेक विषय मताला टाकला. चारही मंजूर झाले. चौथ्या विषयाला तर एकही हात विरोधात नव्हता, आणि बाजूनं हात वर करणाऱ्यांत सर स्वतः होते. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "विरोध केला मी," ते म्हणाले.

"केलात, सर."

"हरलो, याचा आनंद आहे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत निघून गेले.

बाहेर आवारात बायकांनी मावशींना गराडा घातला होता. कोणीतरी कोपऱ्यावरून वडापाव मागवले. काका एका बाजूला उभे होते. बायकोकडे असे बघत होते, जणू तिची नव्यानं ओळख झालीय. संध्याकाळी वडिलांना फोन केला. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "एका सभेत? आम्हाला संप करावा लागायचा."

मुलगी झाली. नवरा माझ्याजवळ होता. त्याच्या कंपनीनं त्याला मोजून थोडे दिवस सोडलं होतं. "तुझ्या मंडळीचे नियम आमच्यापेक्षा बरे आहेत," तो अभिमानानं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

ते सहा महिने मी चर्चच्या मागे, त्याच दोन खोल्यांत, पण रजेवर होते. हे सोपं नव्हतं. दार वाजायचं. कुणाला दाखला पाहिजे असायचा, कुणाला फक्त बोलायचं असायचं. शेवटी मावशींनी तो बंदोबस्त केला. काका कामावर आले की त्याही यायच्या. संडे स्कूलच्या शिक्षिकांना शिकवायचं काम पंचांनी त्यांना दिलेलं, आणि त्याचं वेगळं मानधन, त्यांच्या स्वतःच्या हातात. त्या माझ्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याला चर्चच्या दाराकडे वळवायच्या. फॉल-बिडिंग त्यांनी बंद केलं.

मानधन ठरताना मावशींनी सोमवार काकांच्या सुट्टीचा ठरवून घेतला होता. त्यांना सुट्टीत काय करायचं तेच कळेना. पहिल्या सोमवारी फोन आला, तर मावशींनी उचलला. "आज पाळकांची सुट्टी आहे," त्या म्हणाल्या. पलीकडचा माणूस म्हणाला, महत्त्वाचं आहे. "कोणी वारलंय का?" नाही म्हणाला. "कोणी आजारी?" नाही. "मग उद्या करा." नंतर नंतर दोघं सोमवारी टिटवाळ्याच्या बाजारात सावकाश भाजी घ्यायला जायला लागले. काकांना भेंडी निवडता येत नाही, ही गोष्ट मावशींना या वयात कळली, आणि त्या ती सगळ्यांना सांगत सुटल्या.

मी परत उभी राहिले त्या रविवारी आधी काकांनी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा केला. तिनं त्यांचा चष्मा ओढला. मग काका खाली उतरले आणि मी वर गेले. समोर सगळे बसलेले. मला वाटलेलं की आवाज फुटणार नाही. फुटला. पहिल्या गाण्याला मंडळी उभी राहिली आणि इतक्या जोरात गायली, की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. माझा पगार त्या महिन्यापासून पाळकाचा पगार झाला. नवऱ्याच्या नोकरीबद्दल कुणी विचारलं नाही, आणि तो स्वतः मागच्या खोलीत महिला मंडळासाठी चहा करत होता.

पुढे डोंबिवलीच्या एका मंडळीनं आमचे चार विषय मागून नेले. मग ठाण्याच्या दोन मंडळ्यांनी. एका तरुण पाळकाचा फोन आला, त्याची बायको बाळंत होणार होती आणि पंचांशी कसं बोलावं ते त्याला कळत नव्हतं. मी त्याला मावशींचा नंबर दिला.

दुसऱ्या वर्षीच्या सभेला खुर्चीत मी होते आणि मुलगी खाली मावशींच्या मांडीवर. ठरलेले विषय संपले. मी विचारलं, आणखी कुणाला काही मांडायचंय का. सर उठले. आमच्या चर्चमध्ये एक शिपाई आहे, झाडलोट, खुर्च्या लावणं, घंटा वाजवणं, सगळं तो बघतो. तो दाराशी उभा होता.

"आपल्या शिपायाला आठवड्याची सुट्टी नाही," सर त्यांच्या संथ आवाजात म्हणाले. "फंडही नाही. त्यानं मागितलेलं नाही. मी मागतोय. पाळकबाई, विषय मताला टाका."

मी टाकला.